डावा पाय

कोसमबोडीच्या मुलींच्या कबड्डी संघाचा एकही सामना सोनीबाईनं आठ वर्षांत चुकवला नव्हता. सोनीबाई गावच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची. वय बावन्न. दोन मुलगे, दोघंही कामासाठी बाहेरगावी, आणि दोघांनाही खेळाचं काही नव्हतं. नवरा मुखरू धानाच्या बांधीत, शेतात रमलेला माणूस. वडशाला सामना असो की ब्रह्मपुरीला, पोरींच्या टेम्पोत मागे चटईवर सोनीबाई ठरलेली. सोबत मुरमुऱ्यांचा डबा आणि एरंडेलाची बाटली. कोणाचा पाय मुरगळला तर चोळून द्यायची, कोणाची आई घरून सोडत नसेल तर जाऊन बसायची आणि परवानगी घेऊनच उठायची.

पण तिची खरी ओळख म्हणजे तिचा आवाज. मैदानाच्या कडेला बांबूच्या कठड्याला धरून ती उभी राहिली की पंचाची शिट्टीसुद्धा बुडून जायची. नियम तिला तोंडपाठ होते. कोणती पोरगी बोनसला हावरट, कोण श्वास लवकर सोडते, हे तिला त्यांच्या प्रशिक्षकाआधी कळायचं. संघ जिंकला की ती आठवडाभर खिचडीत तेल जरा सढळ हातानं घालायची. हरला की दोन दोन दिवस नीट जेवायची नाही.

"पोरी हरल्या, तू काऊन उपाशी?" मुखरू विचारायचा.

"मी बी हरली ना," ती म्हणायची.

आणि मागची तीन वर्षं संघ अंतिम सामन्यात हरत होता. तिन्ही वेळा एकदोन गुणांनी. कर्णधार करिष्माचं लग्न ठरत आलं होतं, म्हणजे हे तिचं शेवटचं वर्ष. त्यात यंदा स्पर्धा गावातच होती. धान निघाल्यावर शाळेमागच्या बांधीत मैदान आखलं, शेणानं सारवलं, चारी बाजूंनी बांबू बांधले. बाहेरून सात संघ आले. त्यांना शाळेच्या खोल्यांत उतरवलं आणि जेवणाचं काम सोनीबाईकडे आलं.

सगळ्यात लांबून आला होता भामरागडकडचा संघ. आश्रमशाळेत शिकलेल्या माडिया मुली, सोबत त्यांचे शिक्षक दिनेश. पहाटे निघून दोन बस बदलून त्या दुपारी पोचल्या होत्या. त्यांच्यातली बुधरी एकोणीस वर्षांची, सडपातळ, फार न बोलणारी. पण मध्यरेषा ओलांडली की ती वेगळीच कोणीतरी व्हायची. पहिल्या दोन दिवसांत तिनं एकटीनं चाळीसच्या वर गुण घेतले. जिल्ह्याहून निवड करायला दोन माणसं आली होती. नागपूरच्या शिबिरासाठी ते मुली बघत होते, आणि त्यांच्या वहीत बुधरीचं नाव पहिलं आहे असं सगळे बोलत होते.

जेवण झालं की बाकीच्या मुली मैदानाकडे पळायच्या. बुधरी तेवढी मागे राहून भांडी उचलायला लागायची. सोनीबाईनं दोनदा नको म्हटलं, तिनं ऐकलं नाही.

अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी पोहे झाल्यावर दोघी हातपंपावर भांडी घासत होत्या. कोसमबोडीचा संघ आणि भामरागडचा संघ संध्याकाळी एकमेकांसमोर येणार होते, पण सकाळी तिथं त्याचं काही नव्हतं. बुधरी पोह्यांची मोठी गंजी उचलायला वाकली आणि तशीच थांबली. सोनीबाईनं तिचा चेहरा पाहिला.

"काय झालं?"

"काई नाई, बाई."

"इकडं बस."

सोनीबाईनं तिला ओट्यावर बसवलं, पँट गुडघ्याच्या वर सरकवली. डावा गुडघा सुजून गोल झाला होता. बोट लावलं तसा पोरीनं श्वास आत ओढला.

"हे कवापासून आहे?"

"पंधरा दिवस झाले. तिकडं सरावात झालं." बुधरी आजूबाजूला बघून हळू बोलली. "बाई, कोनाले सांगू नोका. सरालेही माहीत नाई. माहीत पडलं तर ते मले उतरू देणार नाई. आज खेळली तर नागपूर भेटते. मग तिकडं डॉक्टरले दाखवीन."

"अन पायावर पाय पडला तर?"

"नाई पडत. मी उजव्यावरच जोर देते. कोनाले समजत नाई."

सोनीबाईला खरंच समजलं नव्हतं. दोन दिवस डोळे लावून पाहूनही. तिनं एरंडेल कोमट केलं, हळूहळू गुडघ्यावर चोळलं, वर जुन्या लुगड्याची पट्टी बांधली.

"नाई सांगत कोनाले," ती म्हणाली. तिच्या मनात तेव्हा दुसरं काहीही नव्हतं. ते तसंच होतं हे तिनं पुढे स्वतःला कितीतरी वेळा सांगितलं.

सामना चारला सुरू झाला. आजूबाजूच्या गावांतून माणसं आली होती. झाडांवर पोरं, ट्रॅक्टरवर बाया. सोनीबाई आपल्या जागी, कठड्याला धरून. पहिल्या डावात कोसमबोडी चार गुणांनी पुढे होती. दुसऱ्या डावात बुधरीनं एकाच चढाईत तिघींना बाद केलं आणि पारडं फिरलं. मग करिष्मानं सामना ओढून बरोबरीत आणला. शेवटचं मिनिट आलं तेव्हा दोन्हीकडे चोवीस गुण होते आणि शेवटची चढाई बुधरीची होती.

समोर कोसमबोडीच्या चौघीच उरल्या होत्या. करिष्मा, दिव्या आणि दोन नव्या पोरी. चौघी मागे सरकत होत्या. बुधरी उजव्या पायावर तोलून डोलत होती, हात लांबवत होती, पुटपुटत होती. एक स्पर्श झाला असता तर संपलं होतं. सोनीबाईच्या डोळ्यांसमोर मागच्या वर्षीचा हरून परतणारा टेम्पो आला. पोरी एकमेकींकडे न बघता बसलेल्या, करिष्मा ओढणीनं तोंड झाकून.

"डावा!" ती ओरडली. "दिव्या, डावा पाय पकड! डाव्या गुडघ्यात दम नाई तिच्या!"

त्या गलक्यातही तो आवाज गेला. बुधरीनं क्षणभर मान वळवून कठड्याकडे पाहिलं, आणि तेवढ्यात दिव्यानं झेप घेऊन तिच्या डाव्या गुडघ्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. करिष्मा वरून पडली. मध्यरेषा हातभर लांब होती. बुधरीनं हात पुढे केलाच नाही.

शिट्टी झाली. पंचवीस-चोवीस.

मैदानात माणसं घुसली. कोणीतरी हलगी वाजवायला लागलं. बायांनी सोनीबाईला मिठ्या मारल्या आणि सोनीबाई नाचली. बावन्न वर्षांची बाई, पदर खोचून, हात वर करून. हे तिला पुढे सगळ्यात जास्त लागलं, ओरडण्याहूनही जास्त. ओरडणं तोंडातून सुटलं असं म्हणता आलं असतं. नाचताना मात्र तिला माहीत होतं की पलीकडे मैदानात ती पोरगी पडलेली आहे आणि उठत नाही.

हलगी थांबली नाही. गर्दीच्या फटीतून तिला दिसलं, दिनेश सर गुडघ्यावर बसले होते. पट्टी सोडली होती. ती तिच्याच लुगड्याची पट्टी होती. सर विचारत होते, "हे आधीपासून होतं? मले काऊन नाई सांगितलं?" बुधरी दोन्ही हातांनी गुडघा धरून होती. जीपमध्ये घालून तिला गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा सोनीबाई शाळेच्या भिंतीआड उभी होती. चार पावलं पुढे जाणं तिला जमलं नाही.

बक्षीस समारंभात स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष बापूजी बोलायला उठले. सत्तरीचे, सगळ्या गावाला मान असलेले. करिष्माला ढाल दिली. निवडीची नावं वाचली, करिष्मा आणि दिव्या. मग ते म्हणाले, "आज मॅच कोनं जितवली हे तुमाले सांगाची गरज नाई. सोनीबाई, वर या."

लोकांनी तिला ढकलत मंचावर नेलं. साडीचोळी हातात दिली. माइक समोर आला तशी ती बोलली.

"बापूजी, हे मले नोको. त्या पोरीनं गुडघ्याचं मले सकाळी इस्वासानं सांगितलं होतं. कोनाले सांगू नोका म्हने. मी हो म्हटली होती. अन मी सांगितली."

बापूजींनी माइक आपल्याकडे घेतला. "पाहा, किती मोठं मन आहे आमच्या सोनीबाईचं," ते म्हणाले. "टाळ्या होऊ द्या."

टाळ्या झाल्या.

खाली उतरल्यावर करिष्मानं तिला गाठलं. "बाई, तुमी कायले रडता? खेळात चालते हे. त्याहिले आपलं माहीत असतं तर त्याहिनं सोडलं असतं का?"

करिष्मा खोटं बोलत नव्हती. घरी मुखरूनंही तेच सांगितलं. गावात ज्यानं त्यानं तेच सांगितलं. कोणी तरी एकानं आपल्याला शिव्या द्याव्यात असं सोनीबाईला वाटत होतं, पण पंधरा दिवस ती ज्या रस्त्यानं जाई तिथं लोक "दिव्या, डावा पाय पकड" म्हणून हसायचे. कौतुकानं हसायचे. ती मान खाली घालून जायची. साडी तिनं उघडली नाही.

दिनेश सरांना तिनं फोन लावला. गुडघ्यातला कोणता तरी पट्टा तुटला होता. सहा महिने खेळ बंद. नागपूरचं शिबिर होऊन गेलं होतं.

मार्च संपता संपता तिनं मुखरूला सांगितलं, मी बुधरीकडे भामरागडला जाणार.

"फोनवर बोल ना. एवढ्या दूर कायले?"

"फोनवर तोंड दिसत नाई."

शनिवारी ती निघाली. आलापल्लीला ओळखीच्या बाईकडे मुक्काम केला, सकाळची बस धरली. दोन्ही बाजूंना सागवान उघडं पडलं होतं आणि पाचोळा रस्त्यावर आला होता. भामरागडच्या थांब्यावर दिनेश सर मोटारसायकल घेऊन उभे होते. एका कच्च्या वाटेनं तासाभरात त्यांनी तिला बुधरीच्या गावात पोचवलं आणि मी शाळेवर जाऊन येतो म्हणून निघून गेले.

बुधरी घरी नव्हती. मोहफुलं वेचायला गेली होती. तिची आई सोमारी हिला मराठी थोडीच येत होती. तिनं पाहुणीला पाणी दिलं आणि हातानंच वाट दाखवली.

मोहाच्या झाडाखाली बुधरी उकिडवी न बसता डावा पाय लांब करून बसली होती. बसल्या जागी हात पोचेल तेवढी फुलं वेचायची, मग टोपली ढकलत थोडी सरकायची. सोनीबाईला पाहून ती चकित झाली आणि मग हसली.

"बाई, तुम्ही? इतक्या लांब?"

सोनीबाई तिच्याजवळ जमिनीवर बसली. येताना तिनं सगळं मनात घोळवलं होतं. पण नजर गेली ती गुडघ्याकडे.

"चालता येते?"

"येते. उतारावर दुखते." बुधरीनं मूठभर फुलं टोपलीत टाकली. "करिष्माताई नागपूरला गेली होती ना? कसं झालं?"

"बरं झालं. बुधरी, मी माफी मागाले आली."

"कायची?"

"मॅचमंदी कठड्यावरून ओरडली ना, त्याची."

"तुम्हीच तर सांगत होता," बुधरी म्हणाली. "मी तुमचा आवाज ओळखला. डावा, डावा म्हणून. बाकीचं गलक्यात ऐकू नाई आलं. मले वाटलं, बाई म्हणते पाय सांभाळ. स्वतःच्या गावच्या पोरी समोर असून. म्हणून मी पाहिलं तुमच्याकडं. तिथंच चुकली मी, पाहाले नाई पाहिजे होतं."

वर मोहाच्या फांदीत पाखरं कलकलत होती. एवढंच करायचं होतं, की गप्प बसायचं. डोक्यावरून हात फिरवायचा, सोमारीच्या हातचं जेवायचं आणि दुपारच्या बसनं परत जायचं. दोघींना बरं वाटलं असतं. सोनीबाईला त्याचा मोह झाला, आणि मोह झाला म्हणून ती स्वतःच्याच नजरेतून आणखी उतरली.

"नाई, माय," ती म्हणाली. "मी दिव्याले सांगून राह्यली होती. डावा पाय पकड म्हणून. तुह्या गुडघ्यात दम नाई, असं बी बोलली."

बुधरीचा हात फुलांवर थांबला.

"अन मॅच झाल्यावर नाचली. तू तिथं पडून होती तवा."

मग ती पुन्हा वेचायला लागली. एक एक फूल, आधीपेक्षा सावकाश. सोनीबाईनंही समोरची फुलं उचलून टोपलीत टाकायला हात पुढे केला. बुधरीनं टोपली आपल्याकडे ओढून घेतली. रागानं नाही. फक्त ओढून घेतली.

"पुढच्या वर्षी मी खेळन," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "तुमच्या पोरींसोबत मॅच आली तर तुम्ही कोनासाठी ओरडाल?"

सोनीबाईला उत्तर माहीत होतं. तुझ्यासाठी ओरडेन, असं म्हणण्याइतकी जीभ तिला होती. पण एक खोटं इतक्या लांब येऊन पुसायचं आणि तिथंच दुसरं ठेवायचं, हे तिला झालं नाही.

"आमच्याच पोरींसाठी," ती म्हणाली.

बुधरीनं मान हलवली. पाय हातानं उचलून वळवला, झाडाचा आधार घेत उभी राहिली आणि टोपली डोक्यावर ठेवली.

"घरी चला, बाई," ती म्हणाली. "आईनं भात टाकला असन. उपाशी नाई जात आमच्याकडून कोनी."

ती पुढे चालायला लागली. सोनीबाई मागे निघाली, तिच्या चालीनं, तिला ओलांडून न जाता.