नळापाशी बसलेली ग्लेनिस

निळी बादली पायांना आणि मोज्यांना. पांढरी बादली कपबशांना. एकीतलं फडकं चुकून दुसरीत पडलं तर ते पुन्हा ताटाला लागत नाही. ते चाकं पुसायला जातं.

डोळ्यांच्या डॉक्टरकडची पाटी: चौथ्या ओळीपर्यंत अक्षरं, पाचवीपासून मुंग्या.

मोटेलांतून आणलेल्या साबणाच्या इवल्या वड्या, काचेच्या बरणीत, गळ्यापर्यंत.

फिजोआची फळं झाडावरून तोडायची नसतात. पडली की उचलायची.

पुढच्या काचेवर हिरवं स्टिकर: या गाडीत संडास आहे, सांडपाण्याची टाकी आहे, ही गाडी मुक्काम हलवताना मागे काही ठेवत नाही.

या सगळ्यांची गाठ एप्रिलमधल्या एका बुधवारी, सकाळी सात वाजता, एका नळापाशी पडली.

गाडी नोलीनची. बेकरीवाल्यानं काढून टाकलेली पावाची गाडी तिनं आणि तिच्या नवऱ्यानं घेतली, आत फळ्या ठोकल्या, शेगडी बसवली, आणि एकोणीस वर्षं उत्तर बेटाचा किनारा पालथा घातला. नवरा गेल्यावरही ती एकटी जात राहिली. पैसे भरून मुक्काम करायच्या जागा तिला ठाऊक होत्या, पण बाहेरूनच. यंदा ती पंचाहत्तरची झाली, डोळे तपासले गेले, आणि लायसन्स काही परत मिळालं नाही.

"आई, गाडी विकून टाकू," मुलगा म्हणाला. "उभ्या उभ्या गंजेल."

"थांब. ग्लेनिसला विचारते."

ग्लेनिस धाकटी बहीण, सदुसष्टची. साबणाच्या वड्या तिच्या. गाडीत झोपणाऱ्या माणसांना घरी कोणी विचारत नसावं, असं तिचं मत होतं.

"सात दिवस चालवते," ती म्हणाली. "सातव्या दिवशी सांगते, पुढे चालवीन की नाही. मधे विचारायचं नाही."

"नाही विचारत."

"तोंडानं नाही आणि चेहऱ्यानंही नाही."

पहिला दिवस. "हा पलंग आहे की फळी?" "फळी. गादी टाकली की पलंग."

दुसरा दिवस. ग्लेनिसनं शेगडी तीनदा पुसली. तेवढ्यात सॉसेज जळाले.

तिसरा दिवस. दोन पोहुतुकावा झाडांच्या मधल्या सापटीत तिनं एका दमात गाडी मागे घेतली. नोलीन बघतच राहिली. "चुकून झालं," ग्लेनिस म्हणाली.

चौथा दिवस. निघायच्या आधी नोलीन पोतं घेऊन गवतातून फिरली. बाटल्या, चिप्सची पाकिटं, कोणाची तरी एक चप्पल.

"ही चप्पल तुझी आहे का?"

"नाही."

"मग उचलतेस कशाला?"

"पुढच्या वेळी जागा उघडी हवी ना गं."

ग्लेनिसनं नाक मुरडलं. मग हातमोजे घालून आली आणि सिगारेटची थोटकं वेचायला लागली.

पाचव्या दिवशी, मंगळवारी, ओपोटिकी गाव मागे टाकून त्या दोघी एका नदीच्या मुखाशी पोचल्या. तिथलं मैदान तिथेच राहणाऱ्या हुहानामावशीच्या माणसांचं, पिढ्यान्‌पिढ्या. फाटक उघडं राहतं ते त्यांच्या मर्जीनं. शेजारच्या खाडीचं फाटक गेल्या वर्षी बंद झालं, कारण लोकांनी तिथे माणसांसारखं वागायचं सोडलं. मैदानात एकच नळ, डोंगरातल्या झऱ्याचा. वर हातानं लिहिलेली पाटी: प्यायचं पाणी.

बुधवारी सकाळी नोलीननं खिडकीतून पाहिलं तेव्हा नळापाशी ग्लेनिससारखं काहीतरी वाकलं होतं, आणि तिच्या हातात काहीतरी चकाकत होतं.

"किटली घासतेस का गं?"

"किटली कसली. तुझा संडासाचा डबा. काल गावात रिकामा केलास, पण माझ्या नाकातून वास जाईना. औषध टाकून तीनदा खळबळलाय. आता त्यात चहा करावा इतका लख्ख झालाय."

नोलीन अनवाणीच धावली. पोचली तेव्हा शेवटचं फेसाळ पाणी गवतात जिरत होतं.

"काय झालं? रिकामाच होता तो."

"ग्लेन, या नळाखाली लोक किटली धरतात."

"मग मी नळपण धुते."

"हे धुवून जात नाही. निदान इथे तरी."

ग्लेनिसनं पाटी वाचली. पुन्हा वाचली. तिच्या गालांवर लाल चट्टे आले. पलीकडे दोन गाड्या होत्या, दोन्हींचे पडदे बंद. कोणी पाहिलं नव्हतं.

नोलीनला पुढचं सगळं दिसत होतं, त्यासाठी डोळ्यांची गरज नव्हती. मावशीला सांगितलं की ग्लेनिसला बोलणी बसणार. शाळा सुटल्यापासून ग्लेनिसला कोणी बोललं नव्हतं. ती दुपारच्या बसनं घरी जाणार, आणि पावाची गाडी जाणार मुलाच्या जाहिरातीत. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच नोलीनच्या मनात आलं, गप्प बसावं.

"चेहऱ्यानं विचारू नकोस म्हटलं होतं," ग्लेनिस म्हणाली. तिनं डोक्यावरची लोकरीची टोपी काढली आणि नळाच्या तोंडावर ओढून बसवली. "घर कुठलं त्या बाईचं?"

लिपस्टिक लावूनच ती निघाली.

हुहानामावशी झाडाखाली फिजोआ वेचत होती. नोलीनपेक्षा दहा वर्षांनी लहान, पण तिला सगळेच मावशी म्हणत.

"मावशी, ही माझी बहीण," नोलीननं सुरुवात केली.

"मी तुमच्या नळाखाली संडासाचा डबा धुतला," ग्लेनिस म्हणाली. "हिनं नाही. मी."

मावशीनं टोपली खाली ठेवली. "कधी?"

"सातला."

"नंतर कोणी पाणी भरलं?"

"नाही. मी नळाला टोपी घातली आहे."

"टोपी."

"लोकरीची."

मावशीनं एक फिजोआ उचलून टोपलीत टाकला. "पोरी, तुझ्या घरी संडास ओट्यावर आहे का गं?"

"नाही."

"माझ्याही नाही." मग ती म्हणाली, "चारला माझा भाऊ येऊन नळ बदलेल. मी प्रार्थना म्हणेन. तोवर माझ्या टाकीचं पाणी कॅनमधून तू वाटायचंस, येईल त्याला. आणि कारण सांगायचंस. नळ बिघडलाय असं म्हणायचं नाही."

"आणि फाटक? बंद करणार?"

"बंद केलं तर तू बाहेर कशी जाशील? मला नकोस तू इथे."

ग्लेनिस घडीच्या खुर्चीवर नळाशेजारी बसली. पहिल्या गाडीतल्या जर्मन जोडप्याला तिनं सगळं एका श्वासात, स्वतःच्या बुटांकडे बघत सांगितलं. दुसऱ्या गाडीतल्या कोळ्याला सांगताना 'रिकामाच होता' हे दोनदा आलं. तो इतका हसला की त्याची किटली सांडली. चौथ्याच्या वेळी गोष्टीत 'त्यात चहा करावा' हे वाक्य आलं. पाचव्याला ती उठून टोपी कशी घातली ते दाखवत होती.

दुपारी एक जोडपं तान्ह्या बाळाला घेऊन आलं. "मग डबा धुवायचा कुठे?" बाईनं विचारलं.

"गावात, टाक्या रिकाम्या करायच्या ठिकाणी. तिथे वेगळा नळ असतो, तो फक्त त्याचसाठी. आणि बाळाची दुपटी कपबशांच्या बादलीत नाही हं. बादल्या दोन हव्यात. तुमचं हिरवं स्टिकर कुठंय?"

गाडीच्या पायरीवर बसलेल्या नोलीननं हातातला कांदा खाली ठेवला. हे सगळे शब्द तिचे होते.

चारला भावानं नळ बदलला. मावशीनं प्रार्थना म्हटली, तेव्हा मैदानातले सगळे टोप्या काढून उभे होते. ग्लेनिस सगळ्यात मागे. तिची टोपी निळ्या बादलीत भिजत होती. मावशीनं बोट वाकवून तिला पुढे बोलावलं आणि नव्या नळाखाली पहिला कप भरला.

"पी."

ग्लेनिस प्यायली. मावशीनं फिजोआंची पिशवी तिच्या हातात कोंबली. भाऊ ग्रीसनं काळे झालेले हात गवताला पुसत होता. ग्लेनिस गाडीत गेली, साबणाची बरणी घेऊन आली आणि अख्खीच्या अख्खी त्याच्यापुढे धरली.

"एवढ्या?" तो म्हणाला.

"घ्या हो. आता मोटेलांत कुठे राहणार आहे मी."

नोलीननं कांदा चिरायला घेतला. विचारायचं नव्हतं, म्हणून तिनं विचारलं नाही. सातवा दिवस उद्या होता.

"मे महिन्यात कुठे जातेस तू एरवी?" ग्लेनिसनं फिजोआ मधोमध कापला आणि अर्धा तिला दिला. चमच्यानं गर खात ती म्हणाली, "आणि ती गादी बदलायची. फळीच आहे ती."

निघायच्या आदल्या आठवड्यात, कोणालाही न सांगता, ग्लेनिसनं मोठी गाडी मागे घ्यायचे दोन धडे घेतले होते.