डाव्या हातातला चमचा

“चेंडूकडे सगळं जग बघतं. तू पोराला जेवताना बघ. ज्याचा हात दुखतो ना, तो चमचा दुसऱ्या हातात घेतो.”

बायकोचं, नेरेइदाचं, हे सांगणं एलिसेओच्या कानात अजून तसंच होतं. सान पेद्रोत बेसबॉल शिकायला येणाऱ्या पोरांची खानावळ तिने जन्मभर चालवली आणि एलिसेओने त्याच पोरांतून अमेरिकेतल्या एका क्लबासाठी चेंडूफेके निवडले. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. म्हणूनच त्या सकाळी मैदानावर वांदेल नावाच्या पोराच्या चेंडूंनी झेलणाऱ्याच्या हातमोज्यातून बार उडाल्यासारखा आवाज काढला, वेगाच्या यंत्राने ताशी पंच्याण्णव मैल दाखवले, तरी एलिसेओ एवढंच म्हणाला, “भूक लागली. घरी काय शिजलंय?”

वांदेलला शिकवणारा फेयो हसला. “म्हातारबा, आधी करारावर सही करा, मग हवं तेवढं जेवा. असला हात या उसाच्या वस्तीत पुन्हा जन्माला यायचा नाही.”

एलिसेओलाही ते पटत होतं. क्लबाच्या साहेबाने त्याला सांगून ठेवलं होतं, या हंगामात चांगला पोरगा आणला नाहीत तर तुम्ही आता आराम करा.

वांदेलच्या आईने, कासिल्दाने, शेजारचं टेबल मागून आणलं होतं. पत्र्याच्या भिंतीवर अल्ताग्रासियाच्या मातेची तसबीर होती, पुढे मेणबत्ती. कासिल्दाने सगळ्यांना भात, लाल घेवड्याचा रस्सा आणि कोंबडी वाढली. स्वतःच्या ताटात मात्र नुसता भात आणि रस्सा.

“तुम्ही कोंबडी घेतली नाहीत?” एलिसेओने विचारलं.

“पोराची सही होईपर्यंत सोडलीय. मातेला नवस बोललेय तसा.”

एलिसेओने मान खाली घातली. नेरेइदाही अशीच काहीबाही सोडून बसायची, कधी साखर, कधी कॉफी. समोर वांदेलने चमचा उचलला. डाव्या हाताने. उजवा हात मांडीवर पडून होता, झोपलेल्या लेकरासारखा.

“हे काय रे नवीन?” कासिल्दा हसली. “कधीपासून डावखुरा झालास? लहानपणी डाव्या हाताने खायला गेला की अंगणभर भात व्हायचा हो, कोंबड्यांची चंगळ.”

टेबलाखाली काहीतरी हललं.

“फेयो, मला लाथ कशाला मारतोस?” ती म्हणाली, आणि मग तिने पोराच्या तोंडाकडे बघितलं.

वांदेलने चमचा उजव्या हातात घेतला. तोंडाशी पोचेपर्यंत निम्मा रस्सा हिंदकळून सांडला.

“कोपरात?” एलिसेओने हळूच विचारलं.

“रात्री ठणकतं. टाकताना नाही काका, खरंच नाही.”

“ठणकत कुणाला नाही?” फेयो म्हणाला. “माझी कंबर ठणकते. म्हणून मला कुणी जितं गाडलंय का?”

एलिसेओ तसबिरीकडे बघत राहिला. हो म्हटलं तर या घरात उद्यापासून कोंबडी शिजेल, त्याची नोकरी राहील, आणि पाऊसकाळ सरायच्या आत हा हात तुटेल. की नाही तुटणार? खात्री कुणाला होती? एक चमचाच तर होता.

“आज सही नाही,” तो म्हणाला.

कासिल्दाच्या डावात त्याच्यासाठी उचललेला कोंबडीचा तुकडा होता. डाव जरा वेळ तसाच अधांतरी राहिला. मग तिने तो तुकडा त्याच्याच ताटात वाढला. “जेवून घ्या,” ती म्हणाली. “तुमच्यासाठीच केलंय.”

वांदेल त्याला सोडायला रस्त्यापर्यंत आला. दोन्हीकडे ऊस उभा होता.

“माझं संपलं का, काका?”

“हात विश्रांती मागतोय. ईस्टर होईपर्यंत चेंडूला शिवायचं नाही. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी मी येतो, आपण हलक्या हाताने सुरुवात करू.”

“सगळे येतो म्हणतात.”

“माझ्या नेरेइदाची शपथ.”

संध्याकाळी साहेबाचा फोन आला. “यंत्र पंच्याण्णव सांगतंय, आणि तुम्ही मला चमचा सांगता?” साहेब ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. आठवड्याभरात क्लबाचा माणूस येऊन वेगाचं यंत्र परत घेऊन गेला.

मग ईस्टरआधीचे उपासाचे दिवस आले. दरवर्षी या दिवसांत नेरेइदा गोड घेवड्याची खीर करायची आणि गल्लीत घरोघर वाटायची. यंदा गल्लीतल्या बायकांनी त्याला बरण्या आणून दिल्या. टेबलावर रांग लागली. रोज थोडी खाऊन तो बरणी धुवायचा आणि परत करायला जायचा, तेवढंच कुणाशी बोलणं व्हायचं.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी त्याने ट्रंकेतून आपला जुना कातडी हातमोजा काढला. रात्रीच तेल चोळून मऊ केला होता. क्लबाचं काम गेल्यावर आता झेलणारा कुणी मिळणार नव्हता, झेलायला त्यालाच बसावं लागणार होतं. स्वयंपाकघरात टेबलाची कड धरून तो हळूहळू उकिडवा बसला. गुडघे कुरकुरले. जरा वेळ तसाच बसून राहिला, मग कड धरूनच उठला.

आपल्या घरातल्या मातेच्या तसबिरीपुढची मेणबत्ती त्याने विझवली. हातमोजा काखेत घेतला, दार ओढलं आणि सवयीने आत म्हणाला, “येतो गं.”

ती “ये” म्हणायला जेवढा वेळ घ्यायची, तेवढा वेळ तो उंबऱ्यावर थांबला. मग बस गाठायला निघाला.