मंगळवारची चूक

माझा ज्योतिषावर काडीचा विश्वास नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्योतिषाचा लॅटिन ग्रंथ वीस वर्षं उराशी धरून बसलेली बाई म्हटलं की लोक लगेच तळहात पुढे करतात. मला हात बघता येत नाही आणि येत असता तरी बघितला नसता. मला लॅटिन येतं, बस्स.

ग्रंथ सतरा-अठराशे वर्षांपूर्वीचा. पहिली पानं गळून गेलीत, त्यामुळे लिहिणाऱ्याचं नाव कोणालाच ठाऊक नाही. माणूस मात्र पानोपानी भेटतो. तिरसट, स्वतःवर बेहद्द खूश आणि बाकीच्या तमाम ज्योतिष्यांना मूर्खात काढणारा. माझं त्याच्याशी पहिल्या दिवसापासून जमलं. पंचाईत एवढीच, की तो एक नियम सांगतो आणि लगेच उदाहरण देतो: अमुक एक माणूस, जन्मला तेव्हा सूर्य इथे होता, चंद्र तिथे, आता मोज. त्या माणसाला नाव नाही की गाव नाही, नुसते आकडे. आणि आकडे म्हटले की माझ्या डोक्याला शाळेपासून कुलूप आहे.

म्हणून मास्तर आले. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, बायको जाऊन पाच-सहा वर्षं झालेली. मी ज्या ग्रंथालयात नोकरीला होते तिथे ते रोज वर्तमानपत्र वाचायला यायचे. एक दिवस मी भाषांतराच्या वहीसमोर डोकं धरून बसले होते, तर मागून आवाज आला, "बाई, ती बेरीज चुकलीय." मी वळून म्हटलं, "तुम्हाला लॅटिन येतं?" ते म्हणाले, "छे. पण बेरीज येते."

तिथून आमचं सुरू झालं. दर मंगळवारी दुपारी चार वाजता, वाचनालयाच्या मागच्या लांब टेबलावर. मी वाक्य आपल्या भाषेत सांगायचं, त्यांनी त्याप्रमाणे गणित करायचं. उत्तर त्या तिरसट माणसाने दिलेल्या उत्तराशी जुळलं, तर भाषांतर बरोबर. नाही जुळलं, तर आमच्यापैकी कोणीतरी चुकलंय, आणि मग ते कोण यावर तासभर वाद. उत्तर जुळल्याशिवाय पान उलटायचं नाही, हा नियम मास्तरांचा. या नियमापायी एकेका पानाला आम्ही महिना-महिना घातलाय.

पहिलेच दोन महिने तर फुकट गेले. पुस्तकात असायचं, सूर्यापासून चौथं घर बघ. सूर्य सिंहेत, म्हणून आम्ही मोजायचो: कन्या, तूळ, वृश्चिक, धनु. धनु धरली की पुढचं एकही उत्तर जुळायचं नाही. मी शब्दकोश पालथे घातले, मास्तरांनी वह्या भरल्या. शेवटी एका मंगळवारी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि हसायलाच लागले. ते जुने लोक मोजताना सुरुवातीचं घरही धरतात. सिंह पहिलं, कन्या दुसरं, तूळ तिसरं, म्हणजे चौथं घर वृश्चिक. कोपऱ्यावरच्या कुठल्याही ज्योतिष्याने हे चुटकीसरशी सांगितलं असतं. पण आम्ही पडलो शिकलेले, ज्योतिष्याला विचारणार कोण. त्या दिवशी मास्तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि मी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

यापुढे काय झालं ते वेगळं सांगायला नको. म्हणजे काहीच झालं नाही. मी लग्न केलेलं नव्हतं, घरी आजारी आई होती. ते बाई म्हणायचे, मी मास्तर म्हणायची, मधे टेबल. सतरा वर्षं. आधी पुस्तक होऊ दे, मग बघू, असं मी मनाशी म्हणत राहिले. त्यांच्या मनात काय होतं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. एरवी माझ्या जिभेला हाड नाही, पण तिथे मात्र ती टाळ्याला चिकटून बसली.

तीन वर्षांपूर्वी मास्तर जिन्यात पडले, मांडीचं हाड मोडलं. मुलगा येऊन त्यांना आपल्या शहरी घेऊन गेला. बसने नऊ तास. निघताना ते मला म्हणाले, "बाई, मंगळवार मोडायचा नाही." मग मी वाक्यं टाइप करून पोस्टाने पाठवायची, ते गणित करून कागद परत पाठवायचे, आणि मंगळवारी चार वाजता मी त्यांच्या घरच्या फोनवर फोन करायची. उत्तर जुळलेलं असलं की बोलण्यासारखं काही उरायचं नाही. ते म्हणायचे, "बरं मग." मीही म्हणायची, "बरं मग." दोन मिनिटांत फोन खाली. पुढचे सहा दिवस मी त्या दोन मिनिटांवर काढायची. साठीला आलेल्या बाईने असलं काही करू नये हे मला कळत होतं, पण कळून काय उपयोग.

आता शेवटचं प्रकरण उरलं होतं. दूर गेलेल्या माणसांविषयीचं: गेलेला परत येईल का, हे त्याच्या जन्मवेळेवरून कसं ओळखायचं. फक्त अकरा उदाहरणं. अकरा संपली की पुस्तक संपलं, आणि पुस्तक संपलं की मंगळवारी फोन करायला मला कारण उरलं नसतं. मी चालढकल करू लागले. प्रकाशक म्हणाले, "बाई, शनीसुद्धा एवढा हळू फिरत नाही." मी म्हटलं, "मग शनीकडून करून घ्या."

आठ महिन्यांपूर्वी मास्तरांचा एक कागद आला आणि मी तो हातात धरून खुर्चीत बसूनच राहिले. सूर्य सिंहेत, चौथं घर धनु.

ही चूक मास्तरांची होऊच शकत नव्हती. शोध त्यांचाच होता. मी फोन केला, चूक सांगितली. ते म्हणाले, "अरे हो की," आणि त्या दिवशी आम्ही पन्नास मिनिटं बोललो. पुढच्या कागदावर पुन्हा तीच चूक, त्याच्या पुढच्याही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मास्तरही चालढकल करत होते. त्यांनाही पुस्तक संपवायचं नव्हतं.

तो आठवडा मी जमिनीवर नव्हते. मीही मग वेड पांघरून दिवसाचा एक जन्म रात्रीचा म्हणून लिहून पाठवला. फोनवर ते म्हणाले, "बाई, भर दुपारी जन्मलेल्या पोराला अंधारात कशाला ढकलताय?" मी हसले, तेही हसले. कोणी काही बोललं नाही. पण मला वाटलं, सतरा वर्षांत राहून गेलेलं आता सगळं बोलून झालं. त्या मंगळवारांइतकी सुखी मी आयुष्यात कधी नव्हते.

मग एका गुरुवारी मास्तरांच्या सुनेचा फोन आला. तिने माझी चौकशी केली, तब्येत विचारली आणि जरा थांबून म्हणाली, "काकू, एक सांगू का? राग मानू नका. बाबांना ते कागद पाठवणं थांबवाल का?"

"का? काय झालं?"

"तुम्हाला ह्यांनी सांगितलं नाही वाटतं. आठ-नऊ महिने झाले, बाबांना विसरायला होतंय. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. मला सकाळी विचारतात, तुम्ही कोण, कोणाकडे आलात. तुमचा कागद आला की दिवस-दिवस बसतात आणि जमत नाही म्हणून चिडतात. बघवत नाही हो."

मी म्हटलं, "थांबवते."

आठ महिने मी एका माणसाच्या आजाराला प्रेम समजत होते. त्याचं डोकं रिकामं होत होतं आणि मी इथे आरशासमोर केस नीट करून फोन करत होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की पुढच्या मंगळवारी मी फोनला हात लावला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. प्रकाशकांनी उरलेल्या उदाहरणांचं गणित कुणाकडून तरी कॉम्प्युटरवर करून घेतलं. अर्धा तास लागला म्हणे. सगळी उत्तरं जुळली. पुस्तक संपलं, आणि मी माझ्याच घरात उपऱ्यासारखी वावरू लागले.

तिसरा मंगळवारही तसाच गेला, तेव्हा मात्र मला राहवेना. मुखपृष्ठावर दोघांची नावं होती. ते त्यांना दाखवायला हवं, असं मी स्वतःला बजावलं आणि बुधवारी पहाटेची बस धरली.

सुनेने दार उघडलं. बिचारीने माझं सामान घेतलं, पाणी दिलं आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. मास्तर खिडकीशी टेबलाजवळ बसले होते. स्वेटरची बटणं एक सोडून एक लावलेली. समोर रेघांचे कागद, पट्टी, टोक काढलेल्या चार पेन्सिली, उजव्या हाताशी फोन. किती बारीक झाले होते. मला बघून ते अर्धवट उठले. "या, बसा. तुम्ही औषधाच्या दुकानातून आलात का?"

नऊ तासांच्या प्रवासात मी या क्षणाची तयारी केली होती. ती काही कामाला आली नाही. मी म्हटलं, "नाही, सहज आले." आणि समोर बसले. मुखपृष्ठ पिशवीतून काढलंच नाही.

त्यांनी जुनाच एक कागद पुढे ओढला आणि काम सुरू केलं. पेन्सिलीच्या टोकाने घरं मोजत गेले, सिंहेपासून पुढे, आणि धनूवर गोल केला. मला गप्प राहवलं नाही. "पहिलं घर धरायचं असतं ना?"

त्यांनी वर पाहिलं. दाराकडे नजर टाकून सून जवळपास नाही याची खात्री करून घेतली आणि माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "माहीत आहे मला. राहू द्या. मुद्दाम ठेवलीय."

"मुद्दाम?"

"आमच्या एक बाई आहेत. फार हुशार आणि तशाच तापट. मंगळवारी फोन करतात. उत्तर बरोबर आलं की दोन मिनिटांत ठेवून देतात, चूक असली की तासभर बोलतात." ते थोडे लाजले. "म्हणून एक ठेवतो. हल्ली काही आपोआपही होतात, त्या वेगळ्या. पण ही माझी आहे."

मी टेबलाची कड घट्ट धरली.

"तीन मंगळवार झाले, फोन नाही," ते म्हणाले. "एक चूक कमी पडली बहुतेक. आता दोन ठेवून बघतो."

मी आलेच म्हणून उठले. बाहेर जिन्यात गेले, दार ओढून घेतलं आणि भिंतीला टेकून त्यांचा नंबर लावला. आत घंटी वाजली. एकदाच.

"बाई?" ते म्हणाले. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"हो, मास्तर."

"आज मंगळवार आहे का?"

"नाही, बुधवार. मला उशीर झाला."

"असू दे, असू दे. सापडली का चूक?"

"सापडली. चौथं घर धनु नाही, वृश्चिक."

"अरे हो की," ते म्हणाले. तोच आवाज, मागच्या आठ महिन्यांतला. आता त्यातला खोटेपणा मला लख्ख ऐकू येत होता. मग त्यांनी आवाज बारीक केला. "बाई, आज एक पाहुण्या आल्यात इथे. दारात बघितलं तेव्हा क्षणभर मला वाटलं, तुम्हीच आलात. पण तुम्ही कशाला येताय एवढ्या लांब."

मी म्हटलं, "यायला हवं होतं मास्तर. फार आधी यायला हवं होतं. मला रोज वाटायचं."

"मलाही वाटायचं," ते म्हणाले. सरळ, उत्तर वाचून दाखवावं तसं. "पण म्हटलं, आधी पुस्तक होऊ दे."

फोन हातात तसाच ठेवून मी दार ढकललं आणि आत गेले. मला बघताच मास्तरांनी रिसीव्हरवर तळहात ठेवला. चेहरा नुसता फुलला होता. "त्यांचाच आहे," ते मला म्हणाले. "जरा वेळ लागेल हं. बसा तुम्ही."

मी समोरच्या खुर्चीत बसले. त्यांनी दुसरा कागद घेतला, पेन्सिल उचलली.

"ऐकताय ना, बाई?" त्यांनी रिसीव्हरमध्ये विचारलं.

"ऐकतेय," मी समोरून म्हटलं.

त्यांनी समाधानाने मान हलवली आणि घरं मोजायला घेतली.