तळ्यातलं गवत

खामगावच्या वेशीबाहेरच्या तळ्यात हिंमतरावांच्या तेलगिरणीची घाण वर्षानुवर्षं जात होती. पुढे गिरणी तोट्यात जाऊन बंद पडली. हिंमतराव मात्र सांगत फिरायचे, गावासाठी आपण त्याग केला. मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या शरयूबाईंना ते ऐकून हसूही यायचं नाही. माणूस थुंकायचा थांबला म्हणून त्याला हार घालायचा का, एवढंच त्या म्हणायच्या.

पाणी हळूहळू निवळलं, पण तळाशी काही उगवेना. शरयूबाईंनी धामणगाव बढे या गावाकडच्या एका तळ्यातून पाण्याखाली वाढणारं गवत ओल्या पोत्यात भरून आणलं. काठावर म्हशी धुणाऱ्या तानुबाईला सोबत घेतलं. दोघींनी पदर खोचून, चिखलाच्या गोळ्यात मुळं दाबून, एकेक जुडी तळाशी बसवली. पावसाळा सरता सरता गवत पाण्याखाली डुलू लागलं आणि त्यात मासोळ्या शिरल्या.

हिवाळ्यात नुकत्याच झालेल्या मराठी राज्याचे मंत्री तळ्याकाठच्या समारंभाला यायचे ठरले. हिंमतराव स्वागत समितीचे अध्यक्ष झाले. दुसरं काय होणार? त्यांनी मजूर लावून सगळं गवत उपटलं. शरयूबाई पोचल्या तेव्हा काठावर ढीग वाळत होता.

"हे काय केलंत?"

"कचरा काढून राह्यलो, बाई. मंत्र्याले काय घाण दाखवू?"

"घाण तुम्ही सोडलीत. हे गवत ती निस्तरत होतं."

"ऐकलं का रे," हिंमतराव मजुरांकडे वळले, "बाईची शेती पाण्याखाली आहे." मजूर हसले.

शरयूबाई समारंभाला गेल्या नाहीत. मुख्याध्यापिकांनी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "मूर्खांच्या टाळ्या मला ऐकवत नाहीत."

उन्हाळ्यात तळं नासलं, मासे उलटे तरंगले. हिंमतरावांनी दोष म्हशींवर ढकलला.

"म्हशीले नावं ठेवते थो," तानुबाई म्हणाली. "म्हैस भाषण तं नाही करत."

पावसानंतर दोघींनी कोणाला न विचारता पुन्हा गवत लावलं. या वेळी ते टिकलं. पाणी नितळ झाल्याचं कळताच हिंमतराव हजर. काठावर त्यांना स्वतःच्या नावाची पाटी लावायची होती.

"खाली तुमचंबी नाव टाकतो, बाई."

"माझं नको. तुमचंच मोठं लिहा. तळं कोणी नासवलं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कळेल."

टोमणा त्यांना कळला की नाही, कोण जाणे. रंगाऱ्याला ते अक्षरं आणखी मोठी काढायला सांगू लागले. शरयूबाईंनी त्यांच्याकडे पाठ केली आणि तानुबाईच्या हातातली जुडी घेऊन त्या पाण्यात उतरल्या. पलीकडचा कोपरा अजून उघडाच होता.