फुलासकट खुडावं

पुलाखालून वाहत गेलेली पांढरी फुलं.

अंगणात खड्डा, शेजारी फावडं.

दवाखान्यातल्या जेवणाला कसलीच चव नसते.

तोकुजी आज घरी येणार होता. महिनाभर अंथरुणात पडून त्यानं एकच मागणं धरलं होतं: डोंगरातल्या निरिन्सोच्या पाल्याचं सूप. म्हणून त्याची सून चिगुसा दुपारीच ओढ्याकाठी जाऊन टोपली भरून आली. पाला धुतलेला, जुड्या बांधलेल्या, बाजारातल्यासारख्या.

सासू किवानं टोपलीत हात घातला.

"फुलं कुठायत?"

"काढून टाकली ओढ्यात. पाला कसा स्वच्छ दिसतोय बघा, आई."

"स्वच्छ दिसतोय. पण कशाचा आहे?"

जीवघेण्या विषारी बचनागाचा कोवळा पाला हुबेहूब असाच असतो, उगवतोही याच्यातच. पण वसंतात त्याला फूल नसतं. म्हणून गावात निरिन्सो फुलासकटच खुडतात, फुलासकटच शिजवतात.

"प्रत्येक काडीला फूल होतं. माझ्यावर भरवसा नाही का?"

"तुझ्यावर आहे गं. पाल्यावर नाही."

किवानं अंगणात खड्डा खणून टोपली त्यात उपडी केली. चिगुसाचे डोळे भरून आले. तरी ती सासूच्या मागोमाग पुन्हा चढ चढली.

ओढ्याकाठी खुडलेल्या देठांचे खुंट ओळखू येत होते. किवा एकेक चाचपत गेली. एका खुंटाशी थांबून तिनं बोटानं माती उकरली. आत काळा, सलगमासारखा फुगीर कंद. निरिन्सोचं मूळ असं नसतं, बचनागाचं असतं.

"मुठीनं धरून कापलंस ना?"

चिगुसा चिखलातच बसली. म्हणाली, "बाबांना सांगणार?"

"सांगणार तर. सूप उशिरा झालं म्हणून. ऊठ, आता एकेक काडी घे."

संध्याकाळी तोकुजीनं वाडग्यात पाहिलं. पाल्यावर पांढरी फुलं तरंगत होती.

"एवढी फुलं? मला देवळात बसवताय की काय?"

"गिळा मुकाट्यानं," किवा म्हणाली.

जेवणाआधी सगळ्यांनी हात जोडले. दोघं खायला लागले, तरी चिगुसाचे हात जोडलेलेच होते. किवानं तिच्या वाडग्यात आणखी एक पळी वाढली.

तोकुजीनं सूप पिऊन वाडगा पुढं केला.

दुपारी दवाखान्यातून येताना पुलाखालून वाहणारी निरिन्सोची फुलं त्यानं गाडीतून पाहिली होती, आणि ड्रायव्हरला म्हणाला होता, जरा जोरात घे, घरी सूप आहे.