कडक अंगाचे झिंगे

तिसऱ्या टाकीतले झिंगेही सकाळी मेलेले निघाले. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख विश्वनाथ सर म्हणाले, "कन्हान नदीचे झिंगे खाऱ्या पाण्यात टिकत नाहीत. सोमवारी टाक्या रिकाम्या करा."

त्या टाक्यांत विभागातल्या प्राध्यापिका अरुंधतीबाईंची तीन वर्षांची मेहनत होती. नदीतल्या झिंग्याच्या कल्ल्यांत मीठ आत ओढणारे अतिसूक्ष्म पंप असतात. पाणी खारट झालं की त्यांचं काम कसं बदलतं, हे त्या मोजत होत्या. विभागाचा शिपाई लहानू याला त्यातलं अर्धंच कळलं होतं. पण मेलेले झिंगे उचलताना त्याच्या बोटांना कळलं. सगळे मऊ होते.

दोन महिन्यांपूर्वीपर्यंत झिंगे त्याची बायको जयवंता आणायची. नदीवरच एकेक दाबून बघायची. नुकती कात टाकलेला मऊ निघाला की परत पाण्यात सोडायची.

"अवं, असं निवडत बसली तं दिवस बुडंल," तो हसायचा.

"हसा तुमी. कच्च्या अंगाले काही सोसत नाही."

ती काविळीने गेली. मग लहानू जाळ्यात येईल ते डब्यात भरून आणू लागला.

तो सरळ सरांच्या खोलीत गेला. "साहेब, चूक नदीची नाही, माही आहे. मी मऊ झिंगे आणले. आता कडक निवडून आणतो. टाक्यांले आठ दिवस हात लावू नका."

"तू मला हुकूम देतोस?"

"देऊन राहिलो असंच समजा. नोकरीवरून काढा, पण आठ दिवसांनी काढा."

"आठच दिवस," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कन्हानला तो झिंगे दाबून बघत होता, तेव्हा एक जाळेवाला ओरडला, "काय गा लहानू, बायकोवानी निवडून राहिला!"

"तिच्यावानीच निवडून राहिलो," लहानू म्हणाला आणि निम्मे नदीत सोडले.

अरुंधतीबाईंनी रोज थोडं थोडं मीठ वाढवलं. आठव्या दिवशी तिसांतले अठ्ठावीस जिवंत होते. त्यांनी काहींचे कल्ले बर्फात वाटून नळ्यांत औषध घातलं; पंप जितके जोरात, तितका त्याचा निळा रंग गडद. तुलनेसाठी गोड्या पाण्यात ठेवलेल्यांची नळी गर्द निळी झाली, खाऱ्यातल्यांची फिकी.

"पंप मंदावलेत," त्या म्हणाल्या. "झिंग्यांनी जुळवून घेतलं!"

"योगायोग असेल," सर म्हणाले.

लहानूने टाकीतला एक झिंगा काढून त्यांच्यापुढे धरला. "दाबून पाहा."

सरांनी हात मागे घेतला.

"पाहा ना साहेब. तिनं हजारो पाहिले."

सरांनी बोट टेकवलं. "कडक आहे."

"मंग टाक्या राहतील," लहानू म्हणाला. तो विचारत नव्हता.