पापड कुठले?

सगळ्यात आधी हात वर गेला तो मनालीचा. समाजमंदिरातल्या सतरंजीवर पंचवीस-तीस बायका बसल्या होत्या. कुणी पदर सारखा करत होती, कुणी शेजारणीचा अंदाज घेत होती, आणि ही मात्र ठराव वाचून संपायच्या आत हात वर करून मोकळी.

ठराव साधा होता. हायवे रुंद झाल्यावर गडब आणि वडखळच्या मध्ये रस्त्याकडेला बचत गटाला पत्र्याचे बारा गाळे मिळणार होते. गेली दोन-तीन वर्षं बाहेरचे व्यापारी मशीनवरचे पापड टेम्पोतून आणत आणि ‘पेणचे घरगुती’ म्हणून खुशाल विकत. तेव्हा गटाची अध्यक्ष मृणाली हिने लिहून आणलं होतं, ‘आपल्या गावचा माल आपल्या गावच्या बाईनेच विकावा. बाहेरच्यांना गाळा देऊ नये.’

“कुणाला काय बोलायचंय?” मृणालीने विचारलं.

असं विचारल्यावर कुणी बोलत नाही, ही सभेची रीतच आहे. पण मनाली उभी राहिली. वीस वर्षांत सभेत ती पहिल्यांदाच तोंड उघडत होती.

“माजा बाप बूट शिवायचा,” ती म्हणाली. “माज्या म्हायेरच्या गावात सगलेच बूट शिवतात. मग बाहेरून सस्ते बूट आले. बाप मॉलसमोर पाटी घेऊन उभा राहायचा. ‘आपला घ्या’ असा लिवलेली. लोक हसायचे नि आत जायचे. दुकान बंद झाला. म्हनून सांगते, हा ठराव बरोबर हाय. आपला हाय ते आपनच राखायला पायजे.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. फक्त तिच्या सासूने, रंभाबाईने, कपाळाला हात लावला. व्याही बुटांच्या कारखान्याचे मालक आहेत, असं ती वीस वर्षं गावभर सांगत आली होती.

मनाली मूळची फिलिपाईन्सची, मनिलाजवळच्या मरिकिना गावची. तिचं खरं नाव लुझविमिंडा. लुझॉन, विसायास आणि मिंडानाव हे त्यांच्या देशाचे तीन भाग. तिन्हींची सुरुवातीची अक्षरं जोडून बापाने लेकीचं नाव ठेवलं होतं. माणूसच तसा. दुबईतल्या बेकरीच्या पहिल्या पगारातून तिने त्याला भारी परदेशी बूट पाठवले, तर त्याने ते मरेपर्यंत खोक्यातून बाहेर काढले नाहीत. त्याच दुबईत तिला जितेश पाटील भेटला. त्याचं जहाज दुरुस्तीला लागलं होतं आणि तो इंजिनरूममध्ये फिटर होता. गावी आणून लग्न लावलं, तेव्हा ताटातल्या तांदळात सुनेचं नवं नाव लिहायची वेळ आली. “पोरगी कनची रं?” रंभाबाईने विचारलं. जितेश म्हणाला, “मनिलाची.” रंभाबाईला वाटलं, पोरगा नावच सुचवतोय. “मनाली? बरा हाय की,” असं म्हणून तिने तेच लिहायला लावलं. अख्खा देश मावलेलं नाव गेलं आणि त्याजागी हिमाचलातलं थंड हवेचं ठिकाण आलं.

तिची तक्रार नव्हती. जितेशने मराठी शिकवायला घेतली तेव्हा ‘आमचं’ आणि ‘आपलं’ यांतला फरक तिला एका दमात कळला. जहाजावरच्या एकाही गोऱ्याच्या डोक्यात तो शिरला नव्हता. त्यांना दोन्ही एकच वाटायचं. तिच्या भाषेत मात्र असेच दोन शब्द होते. आमिन म्हणजे आमचं, त्यात समोरचा माणूस नाही. आतिन म्हणजे आपलं, त्यात समोरचाही आला. बापाच्या पाटीवरचा शब्द आतिनच होता. म्हणून तिला हे ‘आपलं’ फार आवडायचं. रस्त्याकडेला टोपली घेऊन बसली की गिऱ्हाईक विचारी, “पापड कुठले?” ती म्हणे, “आपले.” गिऱ्हाईक नेपाळची का म्हणून तोंडाकडे बघत राही, आणि ही म्हणे, “नाय, मी हितलीच.”

जितेश जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी मनस्वी रोह्याला कॉलेजात, होस्टेलवर. घरात सासू-सून दोघीच. दुपारी सासू कलंडली की मनाली एकटीच पोह्याचे पापड लाटत बसे आणि लाटलेला प्रत्येक पापड मोजे. मोजायची मात्र आपल्या भाषेत. इसा, दलावा, तत्लो. ती भाषा बोलायला वीस वर्षांत या गावात दुसरं माणूस मिळालं नव्हतं. मोजण्यापुरतीच ती तोंडात उरली होती.

सभेहून आल्यावर तिने पाटावर खडूने लिहून पाहिलं. ‘मनाली जितेश पाटील, पोह्याचे पापड, मिरगुंड.’ गाळ्यावर पाटी लागणार होती, आणि या गावात स्वतःच्या नावाची एक पाटी असावी, एवढीच तिची इच्छा होती. दुसरं काही तिने मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मृणाली कागद गोळा करायला घरी आली.

“आधार आहे?”

“हाय.”

“मतदारयादीतला नंबर?”

मनालीने नकारार्थी मान हलवली. मृणालीचं पेन थांबलं.

“अरे देवा. हे माझ्या डोक्यातच आलं नाय. गावची बाई म्हणजे यादीत नाव असलेली, असं ठरावाखाली लिहून दिलंय आपण. नायतर तो टेम्पोवाला उद्या कुणालाही उभी करील नि म्हणेल ही गावचीच.”

“म्हनजे मी बाहेरची?”

“तसं नाय गो. बाहेरचे म्हणजे ते व्यापारी. तुझ्यासाठी थोडंच लिहिलं होतं?” मृणाली खरोखरच ओशाळली होती. “आता कागदावर तूपण त्यातच येतेस. आणि ठराव फिरवायचा तर पुन्हा सभा घ्यावी लागेल. पहिला हात तुझाच होता, काय सांगू बायकांना? पण मनात आणू नकोस. तू आमचीच आहेस.”

“आमची,” मनाली म्हणाली.

मृणालीला त्यात काही खटकलं नाही. कुणालाच खटकलं नसतं. माणसं प्रेमाने असंच बोलतात.

“एवढी वर्षं झाली, सोडून दे ना तो तिकडचा पासपोर्ट,” मृणाली म्हणाली. “इकडचा कर. वेळ लागेल, पण पुढच्या खेपेला गाळा तुझ्या नावावर.”

“तवर माज्या नावावं लाव,” रंभाबाई दारातून म्हणाली. “लाटनारी तीच हाय ना? पाटीवं कोन का असंना.”

मृणालीने लिहून घेतलं आणि चहा न घेताच गेली.

संध्याकाळी रोह्याहून मनस्वीचा फोन आला. तिला सगळं आधीच कळलं होतं. अशा बातम्यांना गावात पाय असतात.

“आई, तू पण ना! बाबांनी कितीदा तो नागरिकत्वाचा फॉर्म आणला होता. सही केली असतीस तर आज ही वेळ आली नसती.”

“व्हय गो.”

“मी आणि बाबा, आम्ही इंडियन. तूच तेवढी बाकी आहेस.”

पोरगी वाईट बोलली नव्हती. खरं तेच बोलली होती. मनालीने जेवलीस का म्हणून विचारलं आणि फोन ठेवला.

मग तिने ट्रंक उघडली. जितेशच्या शर्टाच्या घडीत पासपोर्ट होता. फोटोतली बाई तिला आता फारशी ओळखीची वाटत नव्हती, पण खाली नाव होतं. लुझविमिंडा. आईबाप गेले, त्या नावाने हाक मारणारं कुणी राहिलं नाही. जितेश होता तेव्हा भांडणात कधीतरी तशी हाक मारायचा, तीही गेली. जगात ते नाव आता या एका पानावर उरलं होतं. हा पासपोर्ट सोडला असता तर पाटी मिळाली असती, आणि पाटी तिला फार हवी होती. पण त्या पाटीवर सासूने तांदळात लिहिलेलंच नाव आलं असतं, आणि हे दुसरं कुठेच राहिलं नसतं. मॉलसमोर हसं करून घेत उभा राहिलेला बाप तिला पहिल्यांदाच पुरता कळला, आणि त्याच्यासारखंच आपणही आता बाहेरच उभं राहायचं आहे हेही.

रंभाबाई मागे येऊन कधी उभी राहिली ते तिला कळलं नाही.

“तुजा पयला नाव काय गो व्हता?”

वीस वर्षांत सासूने हे विचारलं नव्हतं.

“लुझविमिंडा.”

“लुज... लुजवी...” म्हातारीने दोनदा खटपट केली. “लांब हाय गो. चुलीपासून हाक मारायला जमला नसता.”

मनाली हसली. मग हसता हसता रडायला लागली, आणि रंभाबाईला काय करावं ते सुचेना, म्हणून ती ट्रंकेतल्या कपड्यांच्या पुन्हा घड्या करत बसली.

गाळे उघडले त्या दिवशी सगळ्या बायका नव्या साड्या नेसून आल्या होत्या. चौथ्या गाळ्यावर हिरव्या रंगात पाटी होती, ‘श्रीमती रंभाबाई पाटील.’ त्याखाली रंभाबाई स्टुलावर ताठ बसली होती. कागदावरच्या बाईने हजर राहायलाच हवं, असा तिचा समज होता. मनाली मागे उभी राहून पाकिटं लावत होती.

रोह्याहून पेणकडे चाललेली एक गाडी थांबली. आतून एक बाई उतरली, तिने मिरगुंडाचं पाकीट उचलून उजेडात धरलं आणि मनालीकडे पाहिलं.

“तुम्ही नेपाळच्या का हो?”

“नाय. फिलिपाईन्सची.”

रंभाबाईने वळून पाहिलं.

“बाई गं! इतक्या लांबून?” बाईने आता पापडांचं पाकीट घेतलं. “आणि हे पापड? पापड कुठले?”

शेजारच्या गाळ्यातून मृणालीही कान देऊन ऐकत होती. उत्तर सगळ्यांना पाठ होतं.

“यांचे,” मनाली म्हणाली आणि सासूकडे हात केला.

बाईने चार पाकिटं घेतली. गाडी गेल्यावरही रंभाबाई रस्त्याकडे बघत बसली होती.

“आपले म्हनायचीस तू,” ती हळूच म्हणाली.

मनालीने चार पाकिटांची जागा भरून काढली, कडा सारख्या केल्या, आणि पहिल्यापासून मोजायला लागली. इसा, दलावा, तत्लो.